ये की एकदा

नेकनूर,
धुळवडीचा दुसरा दिवस

प्रिय मोहिनी,

बातमी अशी की मला निरोप देऊन झालेला आहे. रीतसर, हार घालून, शाल पांघरून, माइकवर. जायचं आहे मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, आणि अजून होळीची राखही थंड झालेली नाही. तोवर मी या गावात निरोप दिलेली बाई म्हणून फिरायचं आहे. दळण घेऊन गिरणीत गेले की गिरणीवाला पट्टा थांबवून विचारतो, "बाई, आजून हितंच का?" जणू पंगत उठून गेल्यावर मी एकटीच पानावर बसून राहिलेय.

हे सगळं तुझ्या एका वाक्यामुळे झालं. दिवाळीच्या फोनवर तू म्हणालीस, "ये की एकदा इकडं. समुद्र दारात आहे, मागची खोली रिकामीच असते." मी म्हणाले, येते. तू हसलीस, मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर काढलं. पोर्ट लोरेनसारख्या गावात, कॅरिबियन समुद्राच्या काठी, नेकनूरच्या बाईने सुट्टी घालवायची ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती बबिताला सांगून बसले. बबिता माझी भावजय. तिला सांगितलेली गोष्ट पेपरात द्यावी लागत नाही.

परमेश्वर तुला आठवत असेल. हॉस्टेलवर मला डबा द्यायला यायचा आणि फाटकापाशी उभा राहून एका हाताने चड्डी सावरायचा, तोच माझा धाकटा भाऊ. आता तो नेता आहे. जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्याच्या मनात आहे, आणि आचारसंहिता लागली की फ्लेक्स लावता येत नाहीत. म्हणून माझा निरोप समारंभ आचारसंहितेच्या आत उरकून घेतला. फाट्यावर बसस्टँडच्या वर केवढा तरी फ्लेक्स: "आमच्या भगिनी, ज्येष्ठ लेखिका सत्यशीलाताई यांना परदेश दौऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा." पेपरात आठवड्याला एकदा लोकांची टिंगल करणाऱ्या बाईला आमच्याकडे ज्येष्ठ लेखिका म्हणतात. माझा फोटो आधार कार्डावरचा, रुपयाएवढा. त्याच्याभोवती गॉगल लावलेली बारा-पंधरा मंडळी, सगळी मीच कुठेतरी निघाले म्हणून आनंदलेली. आणि मागे चित्र कशाचं? बर्फाच्या डोंगराचं. मी फ्लेक्सवाल्याला विचारलं, अरे, मी समुद्रावर चाललेय. तर म्हणतो, "ताई, समुद्र लई निळा येतो, त्याच्यावर निळी अक्षरं दिसत न्हाईत." पक्षाचा रंग बदलण्यापेक्षा समुद्र बदलणं सोपं, हे मला पटलं.

बायकांचं दुखणं वेगळंच. त्यांना मी जातेय याचं काही नाही, कशाला जातेय ते कळेना. ओटी भरताना वत्सलाबाईंनी विचारलं, "तिकडं कोणता देव हाय?" मी म्हणाले, देव न्हाई, नुसता समुद्र हाय. "मंग कावून चाललीस?" म्हटलं, सुट्टीला. मौजेला. मावशी, बसून पाणी बघणार. त्यावर सगळ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एखादीच्या नवऱ्याबद्दल काही कळल्यावर बघतात ना, तसं. एकट्या बाईने देवाला जावं, दवाखान्यात जावं, लेकीच्या बाळंतपणाला जावं. मौजेला जाते म्हटल्यावर त्यांना माझ्या डोक्यावर हात ठेवून ताप बघावासा वाटला असणार. शेवटी वत्सलाबाईंनीच तोडगा काढला. "समुद्र बी देवच की. नारळ वाहून ये, आन् आल्यावर मावंदं घाल." झालं. काशीहून परत आल्यावर जसं गावाला जेवण घालतात, तसं आता मी तुझ्याकडून परत आल्यावर घालायचं आहे. बुंदी की शिरा यावर बबिता आणि परमेश्वर यांच्यात चार दिवस बोलणं बंद होतं. मी घरातच होते, मला कुणी विचारलं नाही.

निघायच्या आधी गडावर जाऊन यायला हवं म्हणून मला नारायणगडालाही नेऊन आणलं. परमेश्वरची गाडी, मागे त्याचे कार्यकर्ते, मध्ये मी. तिथे देवापुढे उभं राहून डोळे मिटले तर काय मागावं ते सुचेना. प्रवास सुखाचा होऊ दे, असं म्हणायचं असतं. मी म्हणाले, प्रवास होऊ दे. तेवढंच.

तू हसत असशील. हस. तू हसायला लागलीस की आधी नाकातून आवाज यायचा, मग बाकीची तू. बीडला कंकालेश्वराच्या कुंडाच्या काठावर आपण संध्याकाळी बसायचो, तेव्हा त्या पाण्यातल्या देवळाला तू बेट म्हणायचीस. आपण दोघींनी तोवर समुद्र सिनेमातच पाहिलेला. तू ठरवून टाकलं होतंस की शिक्षण संपलं की समुद्राकाठी खोली घ्यायची, तू नोकरी करायची आणि मी लिहायचं, आणि स्वयंपाक जी हरेल तिने करायचा. कशात हरेल ते ठरलंच नाही. मग तुला अंगदरावांचं स्थळ आलं आणि तुला खरंच समुद्र मिळाला, नवऱ्यासकट. मला बाबांच्या मागे आई मिळाली. तक्रार नाही हं. आई माणूस म्हणून कटकटी होती, पण सोबत म्हणून उत्तम होती. माझ्या प्रत्येक लेखावर तिचं एकच मत असायचं: "लई बोललीस."

ती गेली त्याला आता वर्ष होईल. भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला सांगितलं, चला, आता तुम्ही मोकळ्या झालात. मोकळी म्हणजे काय ते मला नंतर समजलं. शाळेतून घरी आले की कुलूप मीच काढते, आणि सकाळी ताट जिथे ठेवलं होतं तिथेच असतं. परमेश्वर भिंतीपलीकडेच राहतो. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येतात, कुणी कुणावर ओरडलं तेही ऐकू येतं. सणाला ताट येतं झाकून. ते रिकामं परत देऊ नये म्हणून मी काहीतरी करून घालते त्यात, आणि मग ते परत येतं. आमच्या नात्यातलं सगळ्यात जास्त येणं-जाणं त्या ताटाचं आहे.

अशात मोबाइलवर तुझं गाव सापडलं. त्या नकाशात रस्त्यांचे फोटो असतात, बोटाने पुढे सरकवलं की आपण चालतोय असं वाटतं. दुपारी शाळेतून आले की मी पोर्ट लोरेनमध्ये चालते. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या भिंतीची बेकरी आहे, पुढे मासे विकतात ती पत्र्याची शेड, तिच्यासमोर एक बाक, मग उतार आणि उतारावर तुझं घर. व्हरांड्यात एक बाई पाठमोरी उभी आहे, कपडे वाळत घालत. तूच असशील. फोटोवाल्याची गाडी गेली तेव्हा तू वळून बघितलं नाहीस. मी किती वेळा त्या उतारावर थांबले, पण फोटोतल्या माणसाला हाक मारता येत नाही. बाक मात्र मी ठरवून ठेवलाय, माझा. मासे घ्यायला तू गेलीस की मी तिथे बसणार आणि वासाला नावं ठेवणार.

आणि हे वाचलं का, आपण ज्याची एवढी मिजास करतो ते सीताफळ मूळचं तुझ्याकडचं! बेटांवरून कुठून कुठून फिरत आपल्या बालाघाटात आलं. मी हे गावात कुणाला सांगितलेलं नाही, परमेश्वर निषेधाचा फ्लेक्स लावेल. पण मला बरं वाटलं. इतक्या लांबून आलेलं इथे रुजतं, तर इथून गेलेल्या एका बाईला महिनाभर तिकडे राहायला काय हरकत आहे?

आता जरा अवघड. मागे मी पेपरात एक लेख लिहिला होता, तुला पाठवलाही होता, आपल्याकडच्या आमंत्रणांवर. दार लावता लावता "या चहाला" म्हणणारे, बस सुटल्यावर "राहायला या" म्हणून हात हलवणारे, आणि ज्यांच्या "एकदा या" मधला एकदा कुठल्याच महिन्यात येत नाही ते. लोकांना फार आवडला. एक गृहस्थ रस्त्यात थांबवून म्हणाले, बाई, अगदी आमच्या घरातलं लिहिलंत, या एकदा. मी त्यांच्याकडे गेले नाही. एवढी अक्कल मला आहे, असं मला वाटत होतं.

तुझं "ये की एकदा" मात्र मी उचललं आणि पासपोर्ट काढला. चौकशीला हवालदार घरी आला, भला माणूस, त्याने विचारलं, "सोबत कोण?" मी म्हणाले, तिकडे आहे. मग तुला फोन केला, पासपोर्ट आला म्हणून. तू म्हणालीस, "अरे वा!" आणि मग थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. समुद्राचा असेल. नंतर तुझ्या लेकीचं, आरोहीच्या परीक्षेचं बोललीस, अंगदरावांच्या दवाखान्याचं बोललीस, उन्हाळा तिकडेही फार असतो म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला, इथली दोन हॉटेलं चांगली आहेत, एकातून समुद्र दिसतो. मी त्यावर अंगठा पाठवला. अंगठ्याचं चित्र कोणी काढलं देव जाणे, पण त्याने माझी फार मोठी सोय केली.

हॉटेलं मी बघितली. समुद्र खरंच दिसतो.

गावात हे कुणालाच माहीत नाही. परवा छबुबाई शेरडं घेऊन दारावरून चालली होती, थांबली. तिच्या शेरडांनी माझी जास्वंद खाल्ल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नाही. ती समारंभाला आली नव्हती, शेरडं कुणावर सोडणार? म्हणाली, "बाई, एवढ्या लांब चाललाव, तितं न्ह्यायला कोण येनार?" आपल्याकडे पाहुण्याला घ्यायला फाट्यावर माणूस येतं, पाऊस असो की ऊन. कुणी आलं नाही तर पाहुणा परतीच्या गाडीत बसला तरी त्याला कुणी नाव ठेवत नाही. तिने सहज विचारलं. मी म्हणाले, मैत्रीण येणार आहे की. लवकर येऊन थांबणार आहे. "मंग काय घोर न्हाई," म्हणाली आणि शेरडं हाकत गेली. लेखात लोकांचं खोटं मी एका ओळीत पकडते. माझं कुणी पकडलं नाही.

मोहिनी, तिकीट मी अजून काढलेलं नाही. फ्लेक्स लागला, शाल पांघरली, बुंदी ठरली, आणि बीडचा तिकीटवाला "ताई, करू का बुकिंग?" म्हणून विचारतो तेव्हा मी त्याला उद्या सांगते. पत्र लिहायचं कारण हेच. फोन केला असता तर तू लगेच म्हणाली असतीस, "वेडी आहेस का, ये ना!" तुझा स्वभाव मला माहीत आहे. आणि मी तेवढ्यावर विमानात बसले असते. पत्र वाचताना तुझा चेहरा मला दिसणार नाही, तुला घाईने काही बोलावं लागणार नाही. मला हॉटेल नको गं. खरं सांगायचं तर समुद्रही नसला तरी चालेल. मला त्या मागच्या खोलीत झोपायचं आहे आणि सकाळी तू भांडी आपटलीस म्हणून जाग यावी, मी आतून ओरडावं, आणि तू उलट ओरडावंस, एवढ्यासाठी एवढं लांब यायचं आहे. जमणार असेल तर फक्त एवढंच लिही, "खोली झाडून ठेवते." नसेल जमणार, घरात काही असेल, अंगदरावांना आवडणार नसेल किंवा तुलाच इतक्या वर्षांनी नको वाटत असेल, तर कारण शोधत बसू नकोस. काहीच लिहू नकोस. एवढ्या पाण्यावरून एक पाकीट यायचं, वाटेत कुठे पडलं तर त्यात कुणाची चूक? पोचलंच नाही असं मी धरून चालेन. गावाला सांगेन गुडघे दुखतात म्हणून. आणि दिवाळीला तुझा फोन आला की आपण पहिल्यासारख्याच बोलू, आरोहीचं, तिकडच्या वादळाचं, इकडच्या पावसाचं.

तुझीच, तू म्हणशील तशी,
सत्यशीला