जयसिंगचा डबा

३ जून २०१३, सोमवार
आज परत! पहाटे पाचला गच्चीवर दोरीच्या उड्या. टप-टप-टप. जयसिंग अशाच मारायचा, ऑलिंपिकला जायच्या आधी, याच गच्चीवर. त्याला वारून बारा वर्षं झाली. सख्खा धाकटा भाऊ, मला कशाला छळतो? जिन्याजवळनंच परत फिरले. मंडईत गाळ्यावरही लक्ष नाही. एका बाईला दोनदा कोथिंबीर दिली. तिनं गुपचूप घेतली.

४ जून
कसलं भूत! आमची शालू आहे! कार्टीनं मामाची दोरी ट्रंकेतून काढलीय. कॉलेजच्या नावाखाली दोन वर्षं मामासारखं बॉक्सिंग शिकतेय. पंचवीस तारखेला रोहतकला संघाची निवड आहे म्हणे. म्हटलं, तंगडी मोडीन. तर म्हणते, "मोड. बसून ठोसे मारीन."

५ जून
डोळ्यांपुढनं जयसिंग हलेना. ऑलिंपिकच्या पहिल्याच लढतीत हरून आला. मग मिलिटरीतनं घरी. हात थरथरायचे, माझं नाव विसरायचा. गाळ्यावर बटाट्याच्या पोत्यावर बसवायचे त्याला. पेठेतले म्हातारे यायचे — "काय ऑलिंपिकवीर, बटाटा कसा दिलात?" तो हसायचा. त्या पोत्यावरच गेला. डॉक्टर म्हणाले, डोक्याला बसलेला मार.
पोरीला पाठवणार नाही. विषय संपला.

९ जून
शालू धड जेवत नाही. भातावर चमचाभर तूप वाढत होते, तर ताटच सरकवलं!
"आई, अठ्ठेचाळीस किलोच्या वर शंभर ग्रॅम भरले तरी बाहेर काढतात. लढतीच्या सकाळी काट्यावर उभं करतात."
"मामालापण करायचे?"
"सगळ्यांनाच."
चमचा हातात तसाच राहिला. डबा आठवला.

१० जून
लिहूनच टाकते. जयसिंग ऑलिंपिकला निघाला तेव्हा मी गुळाच्या पोळ्यांचा डबा दिला होता. वीस पोळ्या. तीळ, खसखस, सढळ तूप. नको नको म्हणत होता. मला वाटलं, लाजतोय. म्हटलं, रोज एक खायची, माझी शपथ आहे! मग डबा बॅगेत ठेवला. येताना घासून-पुसून परत आणला. विचारलं, खाल्ल्यास का?
"सगळ्या, आक्का."
मला काय ठाऊक, माणसालाही बटाट्यासारखं तोलतात!

१२ जून
हडपसरला सोनबाकडे गेले. तो जयसिंगबरोबर संघात होता, एकाच खोलीत राहायचे. "कशापायी इचारता आता, बायडाक्का?" टाळत होता. मी हलले नाही. मग बोलला —
"लढतीच्या सकाळी पाऊण किलो जास्त भरला. दोन स्वेटर घालून पळाला. पाण्याचा थेंब न्हाय. वजन बसलं, पर रिंगणात पाय उचलंनात. नुसता उभा राहून मार खाल्ला. तितनं सावरलाच न्हाय. साहेब म्हणाले, काय खाल्लंस? तर म्हणाला, मेसमधला केक चोरून खाल्ला. परत संघात घेतला न्हाय त्याला."
आणि पोळ्या?
"रोज सकाळी माझ्याकडं पाठ करून कायतरी खायचा. म्या इचारलं न्हाय."
केक म्हणे! माझ्या पोळ्या सोडल्या तर लहानपणापासून दुसऱ्या गोडाला शिवायचा नाही तो.

१३ जून
गाळा बंद.

१५ जून
शालूला सगळं सांगितलं. ती रडली. मी नाही. मग तिला समोर बसवलं. आजवर हिलाही किती शपथा घातल्यात — पोळी संपव, पावसात जाऊ नको, त्या मुलाशी बोलू नको! आठवतील तेवढ्या काढल्या आणि प्रत्येकीला "सुटली" म्हटलं. शेवटी हसायला लागली, "आई, पुरे!"
म्हटलं, जा. पण डोक्यावर ठोसा बसला तर लपवायचं नाही. शपथ घालणारच होते, जीभ चावली.

२० जून
शालू गेली. खायला काही दिलं नाही. दोरी मीच बॅगेत भरली.

२२ जून
शालूचा फोन, नीट पोचली.

२३ जून
पहाटे पाच. गच्चीवर टप-टप-टप.
जिन्यात उभी राहून मोठ्यानं म्हटलं — जयसिंग, सुटली रे! शपथ सुटली!
आवाज तिथंच थांबला. पहिल्यापासून माझं ऐकतो.