राजे जेवत नाहीत

३ तारीख, सोमवार

आलो बुवा एकदाचा! नवी वही, नवी नोकरी आणि राहायला जिन्याशेजारची स्वतंत्र खोली, तीही खिडकीसकट. शोभेच्या माशांच्या दुकानात बावीस वर्षं काढली. दुकान बंद पडलं तेव्हा वाटलं, आटोपला आपला कारभार. पण या वयातही बोलावणं आलं, आणि तेही एका माशासाठी.

घर दोन मजली आहे. खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, वर ते स्वतः, त्यांची थोरली बहीण आणि सात वर्षांची मुलगी. बहिणीला मुलगी आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणतो. वयाने त्या माझ्याहून लहान असतील, पण स्वयंपाकघर ज्यांच्या हातात त्यांच्याशी वयाचा वाद घालू नये. मुलीला माऊ म्हणतात. घरात मासा आणि मुलगी माऊ, मला हसूच आलं. ती मात्र हसली नाही.

मासा दिवाणखान्यात, माणूस आडवा होईल एवढ्या टाकीत एकटाच. खाऱ्या पाण्यातला, ताटलीएवढा, निळ्या अंगावर पिवळ्या रेघा. नाव राजे. घरातले सगळे त्याला अहोजाहो करतात! माऊच्या आईने अकरा वर्षं सांभाळला. ती पाच आठवड्यांपूर्वी गेली. तिच्या दुखण्याचं नाव शेवटपर्यंत कुणाला सापडलं नाही, अन्नावरची वासना उडाली आणि झिजत गेली, असं आत्या सांगत होत्या. ती गेली त्या दिवसापासून राजे जेवत नाहीत. आणि राजे जेवत नाहीत तोवर आपणही जेवणार नाही, असं माऊने जाहीर केलंय. नुसत्या दुधावर आहे पोर. मुलांच्या डॉक्टरांनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिलीय, नाहीतर इस्पितळात नेऊन नाकातून नळी.

म्हणजे मला एक नाही, दोघांना जेवायला लावायचंय. जमेल. माझी बायको गेल्या वर्षी अशीच जेवण सोडून गेली. दुनियेतल्या हट्टी माशांना भरवणारा मी, तिच्या घशाखाली चमचाभर सूप उतरवू शकलो नाही. हे इथे कुणाला सांगितलेलं नाही.

४ तारीख, मंगळवार

सकाळी पाणी तपासलं. मिठाचं प्रमाण बरोबर, ऊब बरोबर, घाण नाही. मग घोडं कुठं पेंड खातंय? भेदरलेला मासा आधी लपायला जागा बघतो, म्हणून टाकीच्या तीन बाजूंना कागद लावले, वरचा दिवा मंद केला आणि घरच्यांना ताकीद दिली की काचेला नाक लावून उभं राहायचं नाही. कोळंबीचे बारीक तुकडे लसणाच्या रसात भिजवले. त्या वासाला भलेभले मासे भुलतात. लांब चिमट्याने तुकडा अगदी तोंडापाशी धरला.

राजेंनी ढुंकून पाहिलं नाही. डोक्यामागचं मांस पार खपाटीला गेलंय. माऊ कागदाच्या फटीतून बघत होती. माझा चिमटा परत आला तशी तिने दुधाचा पेला बाजूला सारला.

६ तारीख, गुरुवार

आज आनंदाची बातमी आहे हो!

काल उघडा शिंपला दगडाला बांधून ठेवला होता, तोही तसाच. मी हात टेकले होते. तेवढ्यात माऊ स्टूल ओढत आली आणि मला म्हणाली की काका, तुम्ही नाव घेतच नाही, मग ते खातील कसे? विचारलं तर सगळं सांगितलं. अडीच महिन्यांपूर्वी टाकी बदलली तेव्हा राजे असेच रुसले होते. तेव्हा आईने लहान मुलांना भरवतात तसं भरवलं. प्रत्येक घास कुणाचा ते सांगायचं. कुणाचाच नसलेला घास राजे घेत नाहीत.

म्हटलं, आपलं काय जातंय? चिमटा बुडवला आणि म्हणालो, हा घास चिऊचा. गट्ट! हा घास काऊचा. तोही गट्ट! मी स्टुलावरून पडायचाच बाकी होतो. माऊने तिथेच उभ्या उभ्या अर्धा पाव खाल्ला. आत्या ओल्या हातांनीच डोळे पुसत होत्या. डॉक्टर खालून धावत आले, त्यांच्या हातात कुणाचा तरी दातांचा साचा तसाच होता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बायकोची फार आठवण आली.

७ तारीख, शुक्रवार

चिऊ आणि काऊ आजही चालले. माऊ भात जेवली, वर मला चिडवलं की मासेकाका, तुमचं पोट राजेंपेक्षा मोठं आहे.

आत्या रोज गॅलरीच्या कठड्यावर दाणे टाकतात. आज कालचे दाणे तसेच होते. चिमण्या आल्या होत्या, ओळीने बसल्या होत्या, पण टिपत नव्हत्या. कावळाही पावाच्या तुकड्याकडे मान वाकडी करून नुसता बघत होता. उन्हाने असेल.

९ तारीख, रविवार

गॅलरीखाली पाच चिमण्या मरून पडल्या होत्या, कावळा कुंपणापाशी. माऊ उठायच्या आत मी उचलून टाकल्या. हातात काही वजनच लागलं नाही.

आणि आज राजेंनी चिऊचा घास घेतला नाही. काऊचाही नाही. उद्या सोमवार, मुदत संपणार, माझा धीर सुटला. माऊने सुचवलं, बाबांचा घ्या. घेतला, पहिल्या फटक्यात. माऊ पोटभर जेवली.

११ तारीख, मंगळवार

काल मुलांच्या डॉक्टरांनी माऊला तपासलं आणि नळीची गरज नाही म्हणाले. घरात आनंदीआनंद.

पण घरचे डॉक्टर रविवार दुपारपासून जेवलेले नाहीत. ताटावर बसतात, घास तोंडापर्यंत नेतात आणि परत ठेवतात. दुखत काही नाही, फक्त अन्न हे आपलं नाहीच असं वाटतं, असं म्हणाले. बायकोला आजार होता, तिच्या घशात दुखायचं. हे तसं नाही. चिमण्या अशाच बसल्या होत्या.

माऊला जवळ घेऊन विचारलं, आई राजेंना कुणाकुणाचे घास द्यायची? पोर म्हणाली, आईला कुणाचं नाव घ्यायला आवडायचं नाही. ती रोज स्वतःचंच नाव घ्यायची. शेवटपर्यंत.

म्हणजे ती होती तोवर तो जेवत होता. ती संपली आणि त्याचं जेवण बंद झालं. तो शोक करत नव्हता. मला हे आधी का नाही कळलं!

१२ तारीख, बुधवार

आज कुणाचंच नाव घेतलं नाही. त्याने खाल्लं नाही. आता त्याला राजे म्हणवत नाही. दुपारी डॉक्टरांनी स्वतःहून पाव मागितला, दोन वाट्या सूप प्यायले. माऊने मात्र ताट भिंतीकडे सरकवलं.

आत्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं की तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? मी जाळं घेऊन टाकीकडे गेलो, म्हटलं हा सोक्षमोक्षच लावतो. माऊ मधे आली आणि माझ्या पायांना घट्ट धरून बसली. आईचे सगळे घास त्याच्या पोटात आहेत, म्हणाली. तो मेला तर आईचं काहीच उरणार नाही. मी जाळं खाली ठेवलं. कुणी ठेवलं नसतं?

१३ तारीख, गुरुवार

सकाळी बायकोच्या नावाने घास धरून पाहिला. वेडी आशा. तोंड उघडलं नाही त्याने. त्याला गेलेली माणसं चालत नाहीत.

चहा करायला आत गेलो, परत येतो तर माऊ स्टुलावर, हातात चिमटा. हा घास माऊ— एवढं तिच्या तोंडून निघालं होतं. मी तिच्या हातावर हात मारला आणि ओरडलो, माझा, हा घास मासेकाकांचा! त्याने घेतला. माझ्याकडे बघत घेतला.

माऊ रडली, मग हसली, मग जेवली. माझा चहा मी मोरीत ओतून दिला, प्यावासाच वाटला नाही.

१६ तारीख, रविवार

रोज एक घास, माझ्या नावाचा. माऊच्या गालांवर मांस आलंय. डॉक्टर खाली शीळ घालत काम करतात.

भूक लागत नाही असं नाही. भूक म्हणजे काय तेच आठवत नाही. आत्यांनी गरम भात वाढला, मला तो वाळूसारखा दिसला. पँट दोरीने बांधतो. विचार असा की पोरीला जेवणाची सवय लागेपर्यंत मी पुरलो की झालं. एवढं तरी जमू दे. एका माणसाला भरवायचं राहून गेलंय माझं.

१८ तारीख, मंगळवार

जमलं! आज माऊ टाकीकडे न बघताच जेवायला बसली. दुसऱ्यांदा भात मागितला. त्याचं जेवण झालं का, हे विचारलंसुद्धा नाही. मी न्हाणीघरात जाऊन रडलो.

आता घास बंद. डॉक्टरांना एका दिवसात भूक लागली होती. मलाही लागेल.

२० तारीख, गुरुवार

लागली नाही. जिना चढवत नाही. दोन दिवस त्याला काही दिलं नाही, तरी त्याचं पोट गच्च—

फ्रीजमधली कोळंबी कमी झालीय.

माऊला विचारलं. केवढ्या कौतुकाने सांगितलं तिने! काकांना बरं नाही, म्हणून काकांचं काम ती करते. रोज, नेमाने. हा घास मासेकाकांचा.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी तर कोरड्यावर उभा होतो.

खरं सांगितलं तिला. सांगायलाच हवं होतं ना? माझं नाव घेतलंस की माझं जेवण त्याला जातं, बाळा. ती ऐकत राहिली. आईचं पण तसंच झालं का, विचारलं. मी मान हलवली. मग तिने विचारलं, आता त्याला कुणी भरवायचं? म्हटलं, कुणीच नाही. मग आई?

२१ की २२

पडून आहे. आत्या बाजारात. खाली डॉक्टरांचं मशीन चालू.

माऊ मघाशी आली. कपाळावर हात ठेवला, पांघरूण सारखं केलं, मोठ्या बाईसारखं. म्हणाली, काका, तुम्ही आता जेवाल हं. कुणाचं नाव घ्यायचं ते ठरलंय. आणि गेली.

लगेच कळलं नाही मला—

स्टूल ओढल्याचा आवाज.

हाक मारतोय. आवाज फुटत नाही. मशीनची घरघर. पाय जमिनीला लागतात पण— टाकीचं झाकण उघडलं. माऊ, थांब, स्वतःचं नाव नको घेऊ, मी येतोय, अजून आहे मी, माझंच घे, माझं—