'हे'खालची रेघ

दिनांक ९, शुक्रवार. सकाळी चहा केला. दोन शिलाई यंत्रे दुरुस्त केली. दुपारी जरा पडलो. पाचला इंग्रजीच्या वर्गाला गेलो.

ती. ताई, नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, ते कळवा. मी बरा आहे. दूध रोज उतू जातं, पण उरलेलं एकट्याला पुरतं.

तुमच्या धाकट्या बहिणीने त्या वर्गात आम्हा दोघांची नावं घातली होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नात फोनवर इंग्रजीच बोलते आणि आपण नुसते हसतो, याची हिला लाज वाटे. ही गेल्यावर चार महिने मी तिकडे फिरकलो नाही. सोमवारपासून एकटाच जातो. सध्या वाक्यातले शब्द ओळखणं चाललंय. मला वाटलं, हे तर आपलंच काम. यंत्र उघडायचं, भाग ओळखायचे, परत बसवायचे. पण इंग्रजी वाक्य परत बसवलं की एखादा शब्द हातात उरतोच. आज 'इट' उरला. 'इट इज फाइव्ह ओक्लॉक' यातलं हे 'इट' कोण, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "कुणी नाही हो काका, नुसतं बसवलंय." मग मी बराच वेळ त्याचाच विचार करत राहिलो. ऊन फळ्यावरून हळूहळू सरकत होतं, पंखा फिरत होता, आणि मला वाटायला लागलं की शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तेच येऊन बसलंय, कुणाच्याच वतीने नाही, नुसतं पाच वाजवत. (बाईंनी मला दोनदा हाक मारली म्हणे.)

पुढे सर्वनाम वापरून घरच्या माणसाबद्दल तीन वाक्यं लिहायची होती. मी लिहिलं, 'धिस मेक्स टी. धिस सिंग्ज. धिस इज ऑलवेज राइट.' बाईंना हसू आवरेना. "अहो काका, बायकोला कुणी धिस म्हणतं का?" मी म्हटलं, बेचाळीस वर्षं म्हणतोय. 'ही'चं दुसरं काय करणार? (आमच्या घरात नामं फक्त दारावरच्या पाटीवर. आत मी 'हे' आणि ती 'ही'.) मागच्या बाकावरच्या गवंड्याने विचारलं, "आमची मला 'ऐकलं का' म्हणते, ते कशात धरायचं?" बाई म्हणाल्या, "ते आज्ञार्थात धरा."

बाईंनी तिन्ही 'धिस' खोडून 'शी' केलं. क्रियापदं वर्तमानकाळातलीच राहू दिली. त्यांना माहीत नाही. खाली 'छान' लिहिलं. वहीत ही अजून चहा करते आहे.

जिना जपून चढा.

तुमच्या बहिणीचे,
हे

ता. क. वर्गाचं मी उगाच लांबवलं. मागायचं होतं ते वेगळंच. ही दर महिन्याला तुम्हाला पत्र लिहायची. त्यातली तीन-चार पाठवाल का? वाचून परत करीन. त्यात मी नावाने आहे की 'हे' म्हणून, एवढंच बघायचंय. मला 'हे' म्हणणारं आता कुणी उरलं नाही.

आणखी एक ता. क. माझ्याबद्दलच्या तक्रारी असतील तर त्याच आधी पाठवा. त्यात 'हे' जास्त असणार. प्रत्येकाखाली एक रेघ मारीन. पेन्सिलीने मारीन, म्हणजे तुम्हाला खोडता येईल. आता पाकीट चिकटवतो आणि पेन्सिलीला टोक करून ठेवतो.