सरदारीणबाईंना ‘तू’ म्हणावे का

ती. आत्याबाईंना वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? (जिना उतरू नका म्हटलं की तुम्ही दोनदा उतरता, म्हणून काही सांगत नाही.) मी बरी आहे. नोकरी मात्र सोमवारपर्यंतच बरी आहे.

दोष माझा नाही. सिनेमांचे संवाद मी मराठीत लिहिते आणि ते पडद्याच्या तळाशी उमटतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या खेपेस वाट्याला एक जुना भयपट आला, खरोखर होऊन गेलेल्या एका सरदारीणबाईंवरून रचलेला. बाई साठीच्या, विधवा. मोलकरणींच्या रक्ताने न्हायचं आणि विशीच्या दिसायचं, हा त्यांचा परिपाठ. (ते वाईटच, पण त्याचा जाब देव विचारील, माझी अडचण व्याकरणाची.) न्हाऊन खाली आल्या की एक तरुण लष्करी अधिकारी त्यांच्या प्रेमात पडतो. मूळ भाषेत लहानथोर सगळ्यांना एकच संबोधन, त्यामुळे तिथे कुणाचं अडत नाही. माझं अडलं. दूधवाल्याला ‘तू’ म्हटलं म्हणून तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवून पाटीवर पन्नासदा ‘तुम्ही’ लिहायला लावलं होतंत. कांती उजळली म्हणून वय कमी होतं का? मी त्या अधिकाऱ्याच्या तोंडी घातलं, ‘तुम्ही माझ्या आहात. जवळ या, लाजू नका.’

मंगळवारी मालकांनी पाहुण्यांना चित्रपट दाखवला. किंचाळायच्या जागी माणसं हसून खुर्च्यांवरून घसरली. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, “हा प्रियकर आहे की जावई?” मी म्हटलं, बाई वयाने मोठ्या आहेत. तर म्हणाले, “तिला तू म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं?” म्हणजे बाबांना मध्ये आणलं, तुमच्या सख्ख्या भावाला. वर बजावलं, सोमवारपर्यंत बाईला ‘तू’ कर, नाहीतर दुसरीकडे बघ. इतक्या मुलींचे गळे कापणारीला कुणी बोल लावला नाही. तिला मान दिला, तर मी गुन्हेगार.

तुमची आज्ञाधारक भाची

ता. क. बाई दिसायला वीस आणि असायला साठ, तर कुठलं वय धरायचं, ते लेखी कळवा. उत्तर ‘तू चालेल’ असंच यावं, असा माझा मुळीच आग्रह नाही. पण यायचं असेल तर शनिवारपर्यंत यावं.

आणखी ता. क. बाबांचं नाव निघाल्यावर मी मालकांना “मग तूच लिही” म्हणून आले. ते पंचावन्नचे आहेत, आणि तेवढेच दिसतात. परवानगीवर गेल्या सोमवारची तारीख घालावी, म्हणजे त्या मंगळवारच्या आधीची.