कॅमेऱ्याच्या डावीकडे

राजीवडा, रत्नागिरी
१८ मे २००८

प्रिय इद्रीसभाई,

तू कुवेतहून सुट्टीवर आलेल्या कैफबरोबर पाठवलेला नवा राउटर मिळाला. पेटी मी उघडलेली नाही आणि उघडणारही नाही. रागावू नकोस. अम्मी वाळत घातलेले कोलंबीचे सोडे उलटायला गेली आहे. ती परत यायच्या आत हे पत्र संपवायचं आहे, म्हणून अक्षर असं पळतंय. दोन ओळी लिहिते, उठते, खिडकीतून बघते, परत बसते.

जानेवारीत तुझा पहिला राउटर आला तेव्हाचं आठवतं? पडद्यावर तू तुकड्यातुकड्यांनी यायचास, आधी कपाळ, मग कितीतरी वेळाने हनुवटी. घरात बीएस्सी झालेली मी एकटीच, त्यामुळे दोषही माझाच. अब्बा मला चिडवायचे, एवढी शिकलीस गो, नि भावाचं एक तोंड जुळवता येत नाय तुला? मी वही घातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय फरक पडला ते लिहायचं, मगच दुसरीला हात लावायचा. प्रयोगशाळेत शिकलेलं घरी पहिल्यांदाच उपयोगी पडत होतं, याचा मला केवढा अभिमान वाटत होता!

राउटर कुठे होता ते मात्र तुला लाजेने कधी सांगितलं नाही. अम्मीने तो लोखंडी कपाटात ठेवला होता, वायरीपुरती फट ठेवून. खाऱ्या वाऱ्याने आपल्याकडे दाराच्या कड्या टिकत नाहीत, मग परदेशातून आलेली वस्तू उघड्यावर कशी ठेवायची? नेट हवेतून येतं असं इद्रीसच म्हणाला ना, मग दार लोटलं तर कुठे बिघडलं, असं तिने विचारलं. लोखंडातून लहरी जात नाहीत हे मी परीक्षेत लिहून आले होते, पण तिला पटेल असं उत्तर सापडायला मला दोन दिवस लागले. शेवटी तू दिलेलाच मोबाइल कपाटात कोंडून त्यावर फोन लावून दाखवला, तो लागलाच नाही. तेव्हा राउटर बाहेर आला आणि चिऱ्याच्या भिंतीपासून दूर, उंच फळीवर बसला.

दुसरा चोर तू आणलेला कॉर्डलेस फोन. तो वाजला की नेट पडायचं, आणि नेट पडलं की तू फोन करायचास! तिसरा दोष वळचणीखालच्या जोडात होता. लाइनमन महिपतकाकांनी जोड सोडला, तर तांब्याची तार हिरवीगार झालेली. मी स्टुलावर चढून ती पातीने खरवडत होते, तर ते खालून म्हणाले, बीएस्सीत हेच शिकवतात वाटतं, मग आमची नोकरी गेलीच म्हणायची.

त्यानंतरचा तो शुक्रवार, एकोणतीस फेब्रुवारी. अब्बा बोटीवरून थेट आले होते. त्यांनी सुरमई दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरली आणि तू ओरडलास, अब्बा, हिचा डोळासुद्धा दिसतोय!

भाई, त्या दिवसापासून आपलं नेट एकदाही बिघडलेलं नाही.

तू मार्चपासून विचारतो आहेस, चित्र का येत नाही, चॅनल बदललास का, राउटर पुन्हा चालू केलास का. मी दर वेळी हो म्हणते. खरं म्हणजे शुक्रवारी तू पडद्यावर यायच्या आधी मी कॅमेऱ्याची वायर काढून ठेवते. आणि अब्बा कुठे आहेत असं तू विचारलंस की अम्मी सांगते, समुद्रावर.

अब्बा समुद्रावर गेलेले नाहीत. चार मार्चला मिरकरवाड्याच्या जेटीवर त्यांच्या उजव्या हातातून दोर सुटला आणि ते खाली बसले. बारा दिवस दवाखान्यात होते. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. आता भिंतीला धरून चार पावलं टाकतात. शब्द अर्धेच येतात, पण आम्हाला कळतात. अम्मी म्हणते, त्याला सांगितलंस तर तो सगळं टाकून धावत येईल, मग तुझं एमएस्सी खुंटीला टांगलंच समज. मी गप्प राहिले. अम्मीच्या धाकाने राहिले असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. मला एमएस्सीसाठी मुंबईला जायचं होतं. दोष शोधून काढायचा, झाकायचा नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिणारी मी, अडीच महिने दर शुक्रवारी दोष बनवते आहे.

आणि आता बनवलेलंही पुरणार नाही. जूनमध्ये पावसाळ्यासाठी बोटी वर ओढल्या की अब्बा समुद्रावर आहेत असं कसं सांगणार? त्याआधीच तू आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करणार आहेस.

तुला माहीत नाही, पण अब्बा दर शुक्रवारी तुझ्यासमोरच असतात. कॅमेऱ्याच्या डावीकडे, हातभर अंतरावर, खुर्चीत. राउटरचा शेवटचा दिवा लुकलुकायला लागला की आधी त्यांनाच कळतं. डाव्या हाताने मला खूण करतात, आला. मागच्या वेळी तू विचारलंस, कोण खोकलं? मी म्हणाले, मांजर. त्यावर अब्बा हसले, मार्चनंतर पहिल्यांदा, अर्ध्या तोंडाने. मला मात्र तोंड धुवायच्या निमित्ताने उठावं लागलं.

परवा कैफ कुवेतला परत निघतोय. अम्मीने त्यालाही शपथ घातली आहे, म्हणून त्याला काही विचारत बसू नकोस. हे पत्र सोड्यांच्या पुडीत तळाला घालते आहे, बुधवारी तुझ्या हाती पडेल. येत्या शुक्रवारी नमाजनंतर मी वायर लावणार आहे आणि कॅमेरा डावीकडे वळवणार आहे. अम्मीला अजून सांगितलेलं नाही. तू यावंस की सही करावीस हे मी सांगणार नाही. बघ आणि मग ठरव. मी न कळवताही कॅमेरा वळवू शकले असते. पण अब्बांनी घरातला आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला आहे. आपण कसे दिसतो ते अडीच महिन्यांत पहिल्यांदा ते तुझ्या चेहऱ्यावर बघतील. म्हणून हे दोन दिवस तुला आधी देते आहे. काय रडायचं ते बुधवारी रडून घे, भाई. शुक्रवारी चित्र अगदी स्वच्छ असणार आहे.

तुझीच, या घरातली मांजर,
नबीला