तिसऱ्या कमानीखाली

५ फेब्रुवारी, सोमवार
पोचलो. पाथरवटाच्या पोराचा ठेकेदार झालो, पण असा पूल कधी हाती आला नव्हता. पाच दगडी कमानी, ताठ. तिसरीवरचा कठडा तेवढा सैल. खोली पुलाच्या तोंडाशीच, खिडकीतून सगळा पूल दिसतो. दगड मी कानांनी पारखतो. चांगला खणखणतो, पोकळ बद्द वाजतो. म्हातारा गवंडी म्हणाला, शेठ, तिसरीखाली कान लावू नका. म्हटलं, बाबा, कानांवरच तर पोट भरतो. रोज तिथेच बसणार, असं बायकोला फोनवर सांगितलं. तिला माझ्या गुडघ्यांचीच काळजी.

७ फेब्रुवारी, बुधवार
तिसरीखाली होतो. वर बादली घरंगळली, मागोमाग गवंड्याची सणसणीत शिवी. वर आलो तर बादली जागेवर, गवंडी झाडाखाली जेवतोय. कानही पन्नाशीला आले म्हणायचे.

८ फेब्रुवारी, गुरुवार
आज बादली घरंगळली. तीच शिवी, शब्दन् शब्द. गवंडी म्हणाला, तिथे उद्याचं आज ऐकू येतं. मी पुन्हा खाली गेलो. माझंच खो-खो हसणं ऐकू आलं. ठरवलं, उद्या हसायचंच नाही. बघू कोण जिंकतं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
दिवसभर तोंड आवळून बसलो. गवंड्याने विचारलं, शेठ, दाढ दुखतेय की सासूबाई आल्यात? खो-खो हसलो. न हसण्यापायीच हसलो.

१० फेब्रुवारी, शनिवार
आज खाली जायला नको होतं. आधी कुणा पुरुषाची घोगरी आरोळी — थांब. मग हिचा आवाज — अहो, वर या, मी आलेय. मग दगड घसरल्याचा. मग पाण्याचा.
फोन केला. इकडे अजिबात येऊ नकोस म्हटलं. तिने कारण विचारलं, मी तेच पुन्हा सांगितलं. आवाज कापत होता माझा. बरं म्हणाली.
बांधकाम खात्याच्या साहेबांना पूल बंद करा म्हटलं. म्हणाले, कान तपासून घ्या. शेवटी मीच दोन्ही टोकांना दोर बांधलाय.

११ फेब्रुवारी, रविवार
खोलीतच आहे. मी खाली नसलो तर ती हाक मारेल कुणाला?

गवंडी सांगत आला — बाई पलीकडे उतरल्या. कालचा माझा आवाज ऐकून पहिल्याच गाडीने निघाली. तो धावलाय. माझे पाय उचलत नाहीत. हात तेवढा चालतोय —

खिडकीतून दिसतेय. दोराखालून वाकून आली —

ओरडलो. थांब. आवाज कमानीखाली घुमला, तिथूनच आल्यासारखा. घोगरा. कालचा तो —

थांबली. मी खाली आहे असं वाटलं तिला. कठड्यावर हात टेकून खाली बघतेय —

अहो, वर