साउंड कार्डातली खरखर

ती. ताईस,

कानावरचा हेडफोन न काढता साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजी पथ्य पाळतात ना? (नसणारच.) इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे धंदा बुडायच्या बेतात आहे आणि तुझी भावजय पाच दिवस माझ्याशी बोललेली नाही.

तुला माहीतच आहे, ऑडिओबुकांसाठी ती पुस्तकं वाचते आणि मी मागच्या खोलीत रेकॉर्डिंग करतो. प्रकाशकाला महिनाअखेर अख्खी कादंबरी हवी आहे, नाहीतर पुढची वीस पुस्तकं दुसऱ्याकडे जाणार. शेवटची तीन प्रकरणं उरली आणि आवाजात खरखर आली. म्हटलं, कॉम्प्युटरचं साउंड कार्ड गेलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे डोळे मिटून घ्या." घेतलं, खरखर तशीच. दुसरं दुप्पट भारी आणलं. खरखर दुप्पट स्पष्ट. तिसरं तर इतकं भरवशाचं निघालं, की खरखरीचे बारीकसारीक कंगोरेही ऐकू यायला लागले. दोष विजेत असेल म्हणून फ्रिज बंद केला (दूध नासलं), शेजाऱ्यांची पाण्याची मोटर बंद केली (ते अंघोळीत होते), भिंतीवरचं घड्याळ गादीत गुंडाळलं. हिला कानातले काढायला लावले, मोजे घालून वाचायला लावलं आणि शेवटी कपाटात बसवून एकच ओळ एकेचाळीस वेळा वाचून घेतली. कपाटातून बाहेर आल्यापासून तिने तोंड मिटलंय. काही विचारलं की मान हलवते आणि कागद पुढे करते. भांडण लेखी झालं की हाताबाहेर जातं, म्हणून मी ते कागद न वाचताच कार्डांच्या वॉरंटीच्या पाकिटात घालून ठेवतो.

खरं सांगतो ताई, घाबरलोय. कार्ड बदलून मिळतं, बायको नाही मिळायची.

तुझा धाकटा

ता. क. १: पत्राचं खरं कारण हे, की तू ये आणि तिची समजूत काढ. तुझं ती ऐकते. येताना भावजींचा जुना कॉम्प्युटरही आण. त्याचं कार्ड बरं निघालं तर निघालं.

ता. क. २: वन्सं, आता मी लिहितेय. पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलंय. माझा घसा बसलाय. डॉक्टरांनी दहा दिवस बोलायला बंदी केलीय, हे तीनदा लिहून दिलं. तिन्ही कार्डं उत्तम आहेत. तुमचा-माझा आवाज फोनवर कुणालाच वेगळा ओळखू येत नाही, तेव्हा उरलेली प्रकरणं वाचायला तुम्हीच या. ह्यांना सांगायची गरज नाही. ह्यांचं लक्ष खरखरीकडे असतं, वाचणारीकडे नसतं.